आधीचा नकार लपवून पुन्हा अर्ज करू का?

प्रश्न (थोडक्यात): या वाचक २८ वर्षांच्या, एम.कॉम. झालेल्या. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात पाच वर्षं नोकरी केली. कॅनडातल्या एका कॉलेजच्या ‘ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट’ या एक वर्षाच्या सर्टिफिकेट कोर्ससाठी त्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला होता. कोर्स आणि कॉलेज दोन्ही कन्सल्टंटनं ठरवलेलं. ‘काम होणारच’ असं तो म्हणाला म्हणून निर्णय यायच्या आधीच त्यांनी राजीनामा देऊन टाकला. पाच आठवड्यांपूर्वी नकार आला: येण्याचा उद्देश पटत नाही, पैशांची बाजू अपुरी आहे, मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री वाटत नाही. आता कन्सल्टंट म्हणतो, दुसऱ्या कॉलेजात हॉस्पिटॅलिटीला टाकू, एसओपी (हाच कोर्स का, हे सांगणारं अर्जदाराचं निवेदन) मी नवीन लिहून देतो, महिनाभरासाठी खात्यात फंड दाखवायची सोय करतो आणि मागच्या रिजेक्शनचा उल्लेखच टाळू. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं असल्यामुळे घरात अवघडलेपण आहे. वडील म्हणतात नाद सोड, आई म्हणते आणखी एकदा बघ. जुन्या साहेबांनी ‘परत ये’ असा निरोप पाठवलाय, पण जायची लाज वाटते. त्या विचारतात: पुन्हा अर्ज करू का, आणि कन्सल्टंट सांगतो तसं करू का?

उत्तर:

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: करू नका. पहिल्याला जरा वेळ लागेल, म्हणून आधी दुसरं उरकून घेऊ.

अर्जात एक प्रश्न असतो: कॅनडानं किंवा इतर कुठल्याही देशानं तुम्हाला कधी व्हिसा किंवा परवाना नाकारला आहे का, प्रवेश अडवला आहे का? तुमच्या बाबतीत नकार देणारं खातं आणि हा प्रश्न विचारणारं खातं एकच आहे, आयआरसीसी म्हणजे कॅनडाचं इमिग्रेशन खातं. तुमच्या बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत आणि ते दहा वर्षं ग्राह्य धरले जातात. तिथं ‘नाही’वर टिक करायची म्हणजे ज्यानं पत्र पाठवलं त्यालाच ‘मला पत्र मिळालेलं नाही’ असं सांगायचं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४०व्या कलमानुसार चुकीची माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं सिद्ध झालं तर पाच वर्षं देशाचं दार बंद होतं आणि त्या काळात पीआरचा (कायमच्या वास्तव्याचा) अर्जही करता येत नाही. शिवाय कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश अशा नोंदींची आपसात देवाणघेवाण करतात. ‘मग ऑस्ट्रेलियाला जाईन’ हा मार्गही तितकासा मोकळा राहत नाही.

‘फॉर्म कन्सल्टंटनं भरला, मला कल्पना नव्हती’ हे सहसा ऐकून घेतलं जात नाही. अर्ज तुमच्या नावावर आहे, त्यामुळे मजकूरही तुमचाच धरतात. महिनाभर भाड्यानं आणलेल्या पैशांचंही तेच. ती रक्कम तुमची नाही, शिक्षणाला वापरता येणार नाही आणि तरी तुम्ही ती ‘माझी’ म्हणून दाखवताय.

साधा नकार ही मात्र फार वेगळी गोष्ट आहे. किती वेळा अर्ज करायचा यावर बंधन नाही आणि आधी नकार मिळाला म्हणून पुढचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. नकार खरा सांगितला आणि त्यातल्या हरकतींना उत्तर दिलं तर फाइल सुधारते. खोटेपणाचा शिक्का बसला तर सुधारायला काही उरत नाही. तुम्ही आज पहिल्या जागी उभ्या आहात. तुमचा कन्सल्टंट तुम्हाला दुसऱ्या जागी नेऊ बघतोय.

आता पहिला प्रश्न. पत्रासोबत तुम्ही मागच्या अर्जातला एसओपी पाठवलात. दोन पानं आहेत. त्यात कॅनडाचं बहुसांस्कृतिक वातावरण आहे, जागतिक दर्जाचं शिक्षण आहे, ‘माझं लहानपणापासूनचं स्वप्न’ आहे. तुम्ही कुठेच नाही. नाव बदललं तर तोच मजकूर आणखी शंभर जणांना चालेल, आणि मला वाटतं, चालवलाही गेला असेल. तुमच्या पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे: एका पुरवठादाराची तीच बिलं क्रमांकात एक शून्य जास्त घालून दुसऱ्यांदा लावलेली तुम्हाला सापडली होती, मग तुम्ही मागच्या दोन वर्षांची लेजरं उपसलीत आणि ‘त्या दिवसांत ऑफिसला पोहोचायची घाई असायची’. हे वाक्य एसओपीत का नाही?

कारण त्या कोर्सशी त्याचा काही संबंधच नव्हता. माझ्या मते तुमच्या नकाराचं मूळ इथं आहे.

तुम्ही आणि कन्सल्टंट दोघंही असं धरून चालला आहात की कोर्स कुठलाही चालतो, अडलं ते लिहिण्याच्या पद्धतीवर. जरा अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. समोर एम.कॉम. आणि पाच वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती आहे. ती एक वर्षाच्या सर्वसाधारण सर्टिफिकेटसाठी घरची मोठी रक्कम घालवायला निघाली आहे. यातले बरेच विषय तिनं एम.कॉम.ला शिकलेत. परतल्यावर या कागदामुळे तिला नेमकी कुठली नोकरी मिळेल, जी आज मिळत नाही? एसओपीत उत्तर नाही. ‘उद्देश पटत नाही’ या छापील ओळीमागे एवढंच असतं. आता त्याच व्यक्तीनं हॉस्पिटॅलिटीला अर्ज केला तर? मागचा अर्ज त्याच अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या स्क्रीनवर दिसणार. आधी व्यवस्थापन, आता हॉटेल, आणि मध्ये फक्त एक नकार. शंका कमी होईल की वाढेल, तुम्हीच ठरवा.

अधिकाऱ्याचा प्रश्न तुम्हाला अपमानासारखा लागलाय, हे पत्रातून कळतं. पण तो प्रश्न वाजवी आहे. त्यानं विचारायच्या आधी तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता आणि अजूनही विचारता येईल. ‘कॅनडाला जायचंय’ हे तुम्ही पत्रात बऱ्याचदा म्हटलंय. काय शिकायचंय ते एकदाही नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कन्सल्टंटनं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. शिक्षणानंतर तिथं काही काळ काम करता यावं, ही तुमची इच्छा आहे. त्यासाठी पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याचे नियम कडक झाले आहेत. त्यानंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या डिप्लोमा किंवा सर्टिफिकेटवर हा परवाना हवा असेल, तर कोर्स ठरावीक यादीतल्या क्षेत्रांत बसावा लागतो: आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, शिक्षण, कुशल कारागिरी अशी ती यादी. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट तिच्यात बसत नाही. म्हणजे मागचा अर्ज मंजूर झाला असता तरी वर्षभरानंतर बॅग भरायची वेळ आली असती. विद्यापीठाच्या बॅचलर्स, मास्टर्स आणि पीएचडीला क्षेत्राची ही अट नाही, भाषेची आहे. आणि निदान आठ महिन्यांचं पात्र मास्टर्स केलं तर तीन वर्षांपर्यंतचा वर्क परमिट मिळू शकतो.

असाच कोर्स निवडणाऱ्या इतर वाचकांसाठी: प्रत्येक कोर्सला सीआयपी नावाचा सहा आकडी कोड असतो. कॉलेजला ईमेल करून तो लेखी मागवा आणि आयआरसीसीच्या यादीत स्वतः बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि हेही ध्यानात असू द्या की विद्यार्थी मिळवून दिल्याबद्दल अनेक कॉलेजं एजंटना कमिशन देतात. ‘आम्ही तुमच्याकडून काहीच घेत नाही’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला कुठलं कॉलेज सुचवतोय, ते या माहितीच्या उजेडात पाहा.

पैशांचं पाहू. कॅनडात एकट्या विद्यार्थ्यानं (क्युबेक सोडून) पहिल्या वर्षाची पूर्ण फी, प्रवासखर्च आणि वर भरणपोषणासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा. २०२३ अखेरपर्यंत तो अवघा १०,००० होता आणि आता दरवर्षी बदलतो. तुमची फी १७,००० डॉलर धरली तर विमानाचं तिकीट सोडून ३९,८९५ डॉलर झाले. तुम्ही वडिलांची एफडी दाखवलीत आणि एज्युकेशन लोन ‘मिळणार आहे’ असं लिहिलंत. मिळणार असलेलं कर्ज मोजत नाहीत, बँकेचं मंजुरीपत्र लागतं. खात्याचे गेल्या चार महिन्यांचे व्यवहार बघतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम लगेच नजरेत भरते. तिथं पार्टटाइम काम करून भागवू, हेही चालत नाही. काम न करता खर्च भागेल हे दाखवायचं असतं. (सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, पण ती पुढची गोष्ट.)

मामा खरोखर मदत करणार आहेत, असं तुम्ही लिहिलंत. मग त्यांचे पैसे लपवायचे किंवा आपले म्हणून दाखवायचे कशाला? त्यांचं सहीचं पत्र, तुमचं नातं, त्यांच्या उत्पन्नाचे कागद आणि रक्कम कुठून आली याचा माग, एवढं जोडा. जीआयसी म्हणजे कॅनडातल्या बँकेत आधीच ठेवलेली ठेव, जिच्यातून तिथं पोहोचल्यावर हप्त्यांनी पैसे मिळतात. झटपट निर्णयाची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाल्यापासून ती सक्तीची राहिलेली नाही, पण पुरावा म्हणून चांगली चालते.

परत येण्याबद्दल तुम्ही विचारलंय, ‘मला तिथं राहावंसं वाटतं, मग एसओपीत परत येईन असं लिहिणं खोटं नाही का?’ हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. पुढेमागे कायमचं राहायची इच्छा असणं हा गुन्हा नाही. त्याच इमिग्रेशन कायद्याच्या २२व्या कलमात तसं म्हटलेलं आहे. अधिकाऱ्याला खात्री हवी ती एवढीच, की दिलेली मुदत संपली आणि पुढचा कुठलाच परवाना मिळाला नाही, तर तुम्ही निघून जाल. त्यामुळे ‘मातृभूमीची सेवा करण्यासाठी मी परतणारच’ असली वाक्यं लिहायची गरज नाही, आणि ती कुणाला पटतही नाहीत. वर्क परमिट न मिळाल्यास परत येऊन काय कराल, ते लिहा. नोकरीचा प्रकार, पगाराचा अंदाज, जिथं अशी माणसं लागतात अशी दोन-तीन ठिकाणं. आणि लिहिण्याआधी ते खरं आहे का, याची चौकशी करा. ती चौकशी करतानाच तुम्हाला जायचंय की नाही, याचं निम्मं उत्तर मिळेल.

मग पुढे काय? मला तुमच्यासमोर तीन वाटा दिसतात, आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

एक वाट कोर्टाची. कॅनडाबाहेर मिळालेल्या नकाराविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. तुमच्याकडे तीनेक आठवडे उरलेत. पण कोर्ट परवाना देत नाही. निर्णय अवाजवी होता असं पटलं तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. भरपूर पुरावे देऊनही ते वाचलेच गेले नाहीत, अशांना ही वाट उपयोगी. तुमच्या फाइलमध्ये पुरावेच कमी होते. वकिलाची फी त्यावर घालवू नये, असं मला वाटतं.

दुसरी वाट म्हणजे विद्यापीठाचं मास्टर्स. बनावट बिलं आणि हिशोबातले घोटाळे शोधणं हे आज एक स्वतंत्र काम आहे, फोरेन्सिक अकाउंटिंग. त्याचं किंवा अकाउंटिंगचं पूर्णवेळ मास्टर्स शोधा. पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष वर्गात हे नीट बघून घ्या, कारण यातले काही कोर्स ऑनलाइन किंवा अर्धवेळ चालतात आणि त्यांच्यावर परवान्याचं गणित बसत नाही. तुमचं एम.कॉम. आणि अनुभव यांच्यापुढची ही सरळ पायरी होते आणि ‘हाच कोर्स का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून ती लेजरची गोष्ट आहेच. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएचडीला पीएएल, म्हणजे प्रांताच्या कोट्यात जागा असल्याचं पत्र, लागत नाही. कॉलेजच्या बहुतेक कोर्सेसना ते लागतं आणि अशा पत्रांची संख्या मर्यादित असते. अडचणीही सांगते: फी जास्त, प्रवेश कठीण आणि वर्षभर तरी थांबावं लागेल. तीन महिन्यांवरचा इनटेक (प्रवेशाची फेरी) विसरा.

तिसरी वाट न जाण्याची, आणि ती हार नाही. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर ही परीक्षा घरी बसून, नोकरी सांभाळून देता येते आणि अनेक देशांत ओळखली जाते. ती केल्यावरही कॅनडा तितकाच ओढत असेल तर दुसरी वाट उघडी आहेच, आणि तेव्हा फाइल आजच्यापेक्षा भरभक्कम असेल. मला विचाराल तर मी इथून सुरुवात करेन. वडील आणि आई या दोघांचंही यात थोडं थोडं राहतं, हा वरचा फायदा.

वाट कुठलीही घ्या, या आठवड्यात एक काम करा. तुम्ही लिहिलंय की अर्जाचं खातं कन्सल्टंटच्या ईमेलवर आहे आणि तुम्ही नकारपत्राचा फक्त मोबाइलवरचा फोटो पाहिलाय. अर्ज वाचल्याशिवाय तो सुधारणार कसा? त्याच्याकडून लॉगिन, भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पीडीएफ आणि मूळ नकारपत्र मागा, लेखी मागा. नोकरीच्या तारखा, पगार, पदवी सगळं खरं भरलंय ना, ते तपासा. २९ जुलै २०२५ पासून काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणंही येतात. ती तुमच्यापर्यंत पोहोचली नसतील, एवढंच असू शकतं. नसतीलच, तर कॅनडाच्या प्रायव्हसी कायद्याखाली तुमची नोंद विनाशुल्क मागवता येते, लोक तिला जीसीएमएस नोट्स म्हणतात. छापील पत्रात तीन ओळी असतात, टिपणात नेमकं कुठं अडलं ते असतं.

त्याच वेळी प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव अर्जात जाहीर केलंय का, तेही बघा. त्यासाठी आयएमएम ५४७६ हा फॉर्म असतो. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक कन्सल्टंट, कॅनडातले वकील आणि पॅरालीगल, आणि क्युबेकचे नोटरी यांनाच आहे. परवानाधारक कन्सल्टंटची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. तुमच्याचं नाव तिथं नसेल आणि अर्जातही नसेल, तर तो तुमच्या पाठीमागे राहून काम करतोय, आणि जबाबदारी मात्र तुमच्या एकटीची. मला त्याच्या बोलण्यावरून तसंच वाटतं, पण खात्री तुम्ही करून घ्या. कॉलेजला भरलेल्या फीचा परतावाही त्याच्यामार्फत नको. परवाना नाकारल्यास किती दिवसांत अर्ज करायचा हे कॉलेजच्या नियमांत असतं. थेट त्यांनाच लिहा.

पुढचा एसओपी तुम्ही स्वतः लिहा. इंग्रजी साधं असलं तरी बिघडत नाही. पहिल्याच परिच्छेदात मागच्या नकाराची तारीख आणि अर्ज क्रमांक द्या, मग त्या पत्रातल्या प्रत्येक हरकतीखाली तुमचं उत्तर आणि कुठला कागद जोडलाय ते लिहा. ऑनलाइन अर्जात प्रत्येक फाइलला ४ एमबीची मर्यादा असते, म्हणून पैशांचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि एकूण रकमेचा तक्ता, असे लावा. तुम्ही अकाउंट्सच्या आहात. हे काम तुमच्यापेक्षा नीट तो कन्सल्टंट करूच शकत नाही.

आणि साहेबांना आजच फोन करा. लाज वाटतेय हे खरं, पण त्यांनी निरोप स्वतःहून पाठवलाय आणि पहिल्या दिवशीचं ‘काय झालं गं?’ सोडलं तर सहकाऱ्यांना तुमच्या परवान्यात फार दिवस रस राहणार नाही. परत रुजू व्हाल तेव्हा व्हेंडर पेमेंटच्या तपासणीचं काम मागून घ्या आणि ते तुमच्या जबाबदाऱ्यांमध्ये लेखी येऊ द्या. पगाराच्या स्लिपा आणि ते पत्र एका फाइलमध्ये ठेवत जा. दुसऱ्या वाटेनं गेलात तर हेच कागद पहिल्यांदा मागतील. राजीनामा पुन्हा द्यायचा तो परवाना हातात पडल्यावर.